वन्संच्या जुळणीच्या खुणा

माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, छापखान्यात सीडीवरची चित्रं छपाईसाठी तयार करतात. मी तिथेच छापलेल्या सीडी पाकिटात भरते.

चित्रात जितके रंग, तितक्या पारदर्शक फिल्म, एकेका रंगाची एकेक. प्रत्येक फिल्मवर, सीडीच्या गोलाबाहेर, वर्तुळातली बारीक फुली लावायची. फिल्म एकावर एक ठेवल्या की फुलीवर फुली बसली पाहिजे. त्या खुणांवरूनच मशीनवर रंग जुळवतात. खुणा लावताना वन्सं श्वास रोखून धरतात. घरीही तेच. मी चादर घातली की पुन्हा कोपरे ओढणार.

"अहो वन्सं, झोपायचंच तर आहे."

"म्हणून काय वाकडं झोपायचं?"

यंदा त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. परत कामावर आल्या तेव्हा मालक म्हणाले, "ताई, हे एक काम बघतो. रंग हलले तर तुम्ही पाकिटं भरा." वन्संनी नुसती मान हलवली.

काम होतं एका लाल फुलाचं, काळ्या रेघेतलं. छापून आलेली पहिली सीडी मी हातात घेतली. लाल रंग रेघेबाहेर सांडला होता. मनातल्या मनात म्हटलं, देवा, सांभाळ रे बाबा.

मशीनवाले भाऊ लगेच म्हणाले, "माझ्याकडे नका बघू. खुणा बरोब्बर बसवूनच मशीन चालवलंय."

"मग डोळेच," मालक म्हणाले.

खालून उजेड येणाऱ्या काचेवर वन्संनी फिल्म एकावर एक ठेवल्या आणि भिंग लावून खुणा पाहिल्या. मग फूल पाहिलं. पुन्हा खुणा. मी पदराचं टोक पिळत उभी.

"मालक, या, बघा. फुल्या हलल्यात का?"

मालक वाकले. "नाही. एकच दिसतेय."

"ऑपरेशननंतरच लावल्यात. चूक फुलात आहे. गिऱ्हाईक म्हणालं, फूल मधल्या भोकापासून जरा वर घ्या. मी काळी रेघ वर घेतली, लाल फूल घ्यायचं राहिलं. चूक माझीच. पण ती डोळ्यांची नाही, घाईची."

"घाई कोणी केली?"

"तुम्ही. दारात उभं राहून 'झालं का, झालं का' कोण करत होतं?"

मशीनवाले भाऊ खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवून हसले. मालकांनाही हसू आवरेना.

"बरं ताई, लाल फिल्म नवी करा. मी दारात येत नाही."

वन्संनी स्टूल पुढे ओढलं. मला म्हणाल्या, "तू काय बघत बसलीस? तुझी पाकिटं तुलाच भरायचीत."