कुड्याच्या लेण्यात वाळलेली साडी

चमत्कारावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात तो कुणीच ठेवला नाही. आजोबांनी बुद्धाचा मार्ग धरला तेव्हा नवस, अंगारे, उतारे सगळं आमच्या शेणवे गावाच्या वेशीबाहेर सोडून आले, असं आई अजून अभिमानानं सांगते. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात जे घडलं त्याला काय म्हणायचं, ते मला ठरवता आलेलं नाही. घडलं तसं लिहिते.

आईला काचबिंदू आहे हे आम्हांला फार उशिरा कळलं. दारातून आत येताना ती चौकटीला धडकायची आणि आम्ही ‘लक्ष कुठं असतं तुझं’ म्हणून हसायचो. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कडेची नजर गेली ती गेलीच, ती परत येत नाही. उरलेली टिकवायला थेंब घालत राहा, पण किती टिकेल ते सांगता येणार नाही. आई स्वतः म्हणायची, “बांगडीतनं बघावा तेवडाच दिसतो गो.” त्यातही उजेड कमी झाला की तेवढंही नाही. मला फार राग यायचा. जन्मभर शील पाळलं, मजुरीवर जाताना कुणाच्या बांधावरची काडी उचलली नाही, आणि तिच्याच वाट्याला हे? संध्याकाळी आम्ही दोघी वंदनेला बसायचो. ती मनापासून म्हणायची आणि मी नुसते ओठ हलवायची.

एकदा वंदना झाल्यावर मी सरळ विचारलं, “आई, काय बघायचं राहिलंय तुझं?” तिनं जराही वेळ घेतला नाही, जणू उत्तर पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं. म्हणाली, “समुद्र. आन दगडातला बुद्ध. भिंतीवरचा कागदाचा हाय. कुनीतरी हातानं कोरलेला बघायचाय.”

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. मी अंगणवाडीत काम करते, आखणी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. काशीदचा किनारा, तिथून जवळच फणसाडचं अभयारण्य आणि पुढे खाडीकाठची कुड्याची लेणी, असा बेत मी ठरवला. लेण्यांत दुपार टळायच्या आत पोचायचं, म्हणजे भरपूर उजेड मिळेल, हे तर दहा वेळा बजावलं. आमचे हे गाडी चालवणार होते. माझी लगबग बघून ते म्हणाले, “सहलीला चाललोय की स्वारीवर?” पण त्यांनीही गुपचूप टायरमध्ये हवा भरून आणली होती.

निघायच्या दिवशी पहाटे बघते तर आई पांढरी साडी नेसून ओटीवर तयार. वंदनेला पांढरं नेसायचं हा आमच्यातला रिवाज, पण ते लेण्याशी पोचल्यावर. मी म्हटलं, “अगं, एवढ्या प्रवासात मळेल. तिकडं गेल्यावर बदल.” ती ऐकेना. “बुद्धाकडं जायाचा तर घरातनंच पांढरा नेसून जायाचा. वाटंत कपडं बदलून कुनी जातंय काय?” जावई माणूस मध्ये कशाला पडेल, हे गाडी पुसत राहिले.

काशीदला पोचलो आणि माझंच भान हरपलं. सुरूची झाडं संपली आणि समोर नुसतं पाणी, निळं, चकचकीत, गर्जत येणारं! मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. आई मात्र वाळूत थबकली. भातसाचं धरण तिनं भरताना पाहिलेलं, मोठं पाणी तिला नवं नव्हतं. तिनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि हळूच विचारलं, “याचा पलीकडचा काठ कुठं हाय?”

तिला वाटत होतं की काठ आहे, पण आपल्यालाच दिसत नाही. मी म्हटलं, “आई, पलीकडचा काठ कुणालाच दिसत नाही.”

“तुला पन नाय?”

“नाही.”

“जावयांना?”

“मलाही नाही दिसत,” हे मागून म्हणाले.

“मंग बरा हाय,” असं म्हणून ती जी हसली! कितीतरी महिन्यांनी ती आणि आम्ही सारखंच बघत होतो. आणि हसत हसतच ती चालू लागली, ती थेट पाण्यात. मी “आई, साडी! आई, साडी!” ओरडतेय, लाट येतेय, आई खाली बसतेय, दोन्ही हातांनी पाणी तोंडावर घेतेय. पदरापासून काठापर्यंत सगळं चिंब. बाहेर येऊन म्हणते कशी, “खारट हाय गो!” जसं काही ही बातमी जगाला पहिल्यांदा तिनंच दिली.

मी चिडले. आता वंदनेला काय नेसणार होती ती? आडोशाला नेऊन तिला सोबत आणलेली हिरवी साडी नेसवली, पांढरी पिळून पिशवीत कोंबली. त्यात तिला हुडहुडी भरली म्हणून चहासाठी थांबलो, उन्हात बसवलं, आणि माझी सगळी आखणी कोलमडली. फणसाडच्या जंगलात शिरलो तेव्हाच दुपार कलली होती. तिथं उंच झाडावर शेकरू दिसलं. तांबूस, झुपकेदार शेपटीचं, या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेणारं. मी आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून वर वळवला. “ते बघ, तिथं, आता इकडं!” तिची बांगडीएवढी नजर त्याला गाठेपर्यंत ते पुढे पळालेलं असायचं. शेवटी तीच म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तू बघितलंस ना? मला सांग कसा हाय तो.” मी सांगितलं, पण रडू आवरत नव्हतं. लेण्यांतही हेच होणार, हे मला तेव्हाच कळून चुकलं.

कुड्याला पोचलो तेव्हा सूर्य खाडीकडे झुकला होता. टेकडीची चढण आईनं आम्हां दोघांच्या खांद्यांवर हात टाकून पार केली. वर लेण्यांची रांग, खाली संथ खाडी, आणि माणूस म्हणाल तर शेळ्या वळणारी एक बाई, बस्स. एवढं सुंदर ठिकाण आपल्याच मुलखात, आणि अर्धं आयुष्य ते आपल्या गावीही नसावं! एका मोठ्या लेण्याच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती होती. पण ऊन ओसरीच्या एका कोपऱ्यातच अडकलेलं. आत आमच्या धडधाकट डोळ्यांनासुद्धा अंधुक दिसत होतं, तर आईची काय कथा!

मोबाइलची बॅटरी लावून पाहिली. त्या झोतानं तिचे डोळे दिपले आणि सावल्याच नाचायला लागल्या. “बंद कर ते,” आई म्हणाली. ती मूर्तीसमोर बसली आणि हातांनी चाचपू लागली. “हे पाय. हा हात मांडीवर हाय.” मग हात काढून घेऊन म्हणाली, “पन मी हिरव्यात नाय म्हननार वंदना. माझा पांढरा काढ.” मी म्हटलं, आई, ते ओलंगच्च आहे. तर म्हणे, “मंग वाळव. मी बसते.” मी बाहेर आले आणि हताश होऊन कठड्यावर बसले. माझ्याजवळ आता एकही बेत उरला नव्हता.

ती शेळ्यांची बाई हे सगळं बघत होती. पिशवीतून लोंबणारं पांढरं टोक बघून म्हणाली, “बाय, लुगडा भिजला काय? आन इकडं, ह्या कोपऱ्यात ऊन हाय. दोगी धरू, वाऱ्यावर आत्ता सुकल.” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं एक टोक धरलं. मी दुसरं धरलं. आम्ही मागे सरकलो, साडी ताणली आणि मावळतीचं ऊन त्या पांढऱ्यावर सांडलं.

आतून ह्यांची हाक आली, “अगं, हलू नकोस! आहे तशीच धर!”

मी मान वळवली. सगळं लेणं उजळलं होतं. झगझगीत नव्हे, दुधासारखा मऊ उजेड होता, आणि तो साडीवरून आत जाऊन थेट भिंतीवर पडला होता. आई मान वर करून बसली होती. तिची नजर सावकाश, वाट काढत, मांडीवरच्या हातावरून छातीवर, छातीवरून चेहऱ्यावर गेली आणि तिथं थांबली. मग म्हणाली, “नाक झिजलाय. पन हसतोय गो. हसतोय.”

वारा साडी ओढत होता, आणि त्या बाईनं आपलं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. हिरव्यात वंदना म्हणणार नाही म्हणणारी आई हात जोडून त्रिशरण म्हणू लागली, कसला रंग आणि कसलं काय! मीही म्हटलं, मोठ्यानं, कितीतरी दिवसांनी मनापासून. सूर्य खाडीपलीकडे टेकला, उजेड हळूहळू निघून गेला, तोवर साडीही वाळली होती. बाईनं ती नीट घडी करून माझ्या हातात दिली. “शेल्या लांब गेल्या,” म्हणून ती टेकडी उतरायला लागली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यात नवल काही नाही हे मला कळतं. पांढऱ्या कापडावरून उजेड परततो, अंगणवाडीतल्या पोरांनाही ते दाखवता येईल. पण आईनं घरातूनच ती साडी नेसली नसती, समुद्रात बसली नसती, मी ठरवल्यासारखं दुपारीच पोचलो असतो, तर तो चेहरा तिला दिसला असता का? ज्या ज्या गोष्टीवर मी दिवसभर चिडले, तीच आम्हांला तिथवर घेऊन आली. शरण जाते असं मी बोलायला लागल्यापासून रोज म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातांत माझं काही नव्हतं, फक्त साडीचं एक टोक होतं, आणि दुसरं एका अनोळखी बाईनं धरलं होतं. तिच्या कल्याणाची कामना केल्याशिवाय आता माझी वंदना पुरी होत नाही.

पावसाळ्यानंतर आईची उजव्या डोळ्याची नजर पूर्ण गेली. डाव्यानं फक्त उजेड आणि अंधार कळतो. मला वाटलं होतं ती खचेल, पण ती संध्याकाळी डोळे मिटून बसते आणि तिच्या तोंडावर हसू असतं, तिला विचारावं लागत नाही ते कुणाचं. ती पांढरी साडी मी आता मागच्या दारी वाळत घालत नाही. पुढच्या अंगणात, आईच्या खोलीच्या दारासमोर, उन्हाकडे तोंड करून ताणून बांधते. काल घातली, तर आतून आईनं मान वळवली, उजेडाकडे तोंड केलं आणि साडीलाच म्हणाली, “आलीस काय गो लेण्यातनं?” मग मला, “जरा धर तशीच.”