मागच्या चाकांचे दहा बोल्ट

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी माझा नवरा श्रीकांत ऑफिसात वारला. त्या दिवशी गाडी जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या आमच्या घराखालच्या गॅरेजमध्ये होती.

संकेत, आभास, गेलेल्या माणसांचं येणं-जाणं... असल्या गोष्टी मी कायम पुस्तकांतच ठेवल्या, आजही तिथेच ठेवते. म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं.

गाडी म्हणजे दोन सीटची, उघड्या छताची, जुनी स्पोर्ट्स कार. तिची नंबरप्लेट फक्त एप्रिल ते ऑक्टोबरची, म्हणजे बाकीचे महिने तिला रस्त्यावर बंदी. हिवाळ्यात उभ्या-उभ्या चांगले टायर चपटे होऊ नयेत म्हणून श्रीकांत तिला जुनी चाकं लावून ठेवायचा. म्हणजे वर्षातून दोनदा चाकं बदलणं आलं, आणि दोन्ही वेळा मला खाली बोलावणं आलं. तो बोल्ट आवळायचा, पण शेवटचा जोर माझा. त्याच्याकडे टॉर्कचा पाना होता. बोल्ट ठरलेल्या जोरापर्यंत आवळला गेला की तो ‘टक्’ वाजतो. “दोघांची सही झाली की गाडी रस्त्यावर,” असं तो म्हणायचा. अकरा वर्षं मी हातातलं पुस्तक बाजूला ठेवून, कपाळाला आठ्या घालून ती सही करत आले.

तो गेल्यावर त्याच्या गाडीवेड्या मित्रांच्या मराठी ग्रुपवर शोकसंदेश आले आणि त्यांच्या पाठोपाठ सल्ले. वहिनी, बॅटरी काढून ठेवा. वहिनी, एक्झॉस्ट बदला, आवाज बघा कसा येतो! मला कुठलाच आवाज नको होता. मी गाडी विकायचं ठरवलं. पण आमच्या सईला लुडविग्सहाफेनला केमिस्टची नोकरी लागली होती, आणि तिला बाबाची गाडी हवी होती. एप्रिलमधल्या एका रविवारी ती निघणार होती.

आदल्या दिवशी दुपारी मिलिंद भावजी आले. ते श्रीकांतचे ऑफिसातले मित्र; दोघंही गाड्यांच्या कंपनीत. मी त्यांना तळघरातून उन्हाळी चाकं काढून दिली, तेव्हा फळीवरचं एक खोकं त्यांना दिसलं. “अहो वहिनी, हे तर स्पेसर! श्रीकांतने घेतले आणि लावलेच नाहीत की!”

स्पेसर म्हणजे धातूच्या जाड चकत्या. त्या चाकाच्या आत बसवल्या की चाक बाहेर येतं आणि गाडी रुंद दिसते.

“त्याने लावले नाहीत, तर तुम्ही कशाला लावता?” मी विचारलं.

“सईसाठी. मागची चाकं अशी दिसतील ना... ग्रुपवर फोटो टाकू!”

मी त्यांना अडवलं नाही. त्याबद्दल मला स्वतःचा अजून राग येतो.

चारही चाकं लागली, गाडी जॅकवरून खाली आली, आणि सईने पाना माझ्या हातात दिला. “आई, आता तू.” पुढच्या दोन चाकांचे दहा बोल्ट... दहा वेळा टक्. मागे आले. पहिला बोल्ट वाजला नाही. दुसराही नाही. मी सगळं वजन टाकलं, खांदा दुखला, बोल्ट जागचा हलेना आणि पाना वाजेना.

“दमलात तुम्ही. द्या इकडे.” भावजींच्या हातात टक्. सईच्या हातात टक्. पुन्हा माझ्या हातात काही नाही. मी पुढच्या चाकाकडे गेले. टक्. मागे आले... नाही.

“माझी सही होत नाही,” मी म्हणाले. “काढा ती चाकं.”

“वहिनी, पाना सांगतोय ना, घट्ट आहे!”

“मान, एष्ट!” म्हणजे ‘काय हे, खरंच!’ म्हणत सई वैतागली. ती चिडली की जर्मनवर येते. मग मराठीत म्हणाली, “बाबा असं नाटक करायचा. तू तरी नको ना.”

“काढा,” मी म्हणाले. “नाहीतर किल्ली मिळणार नाही.”

भावजींनी उसासा टाकून बोल्ट सैल केला आणि बोटांनी फिरवायला लागले. तिसऱ्या फेऱ्यालाच तो त्यांच्या हातात आला. पुढच्या चाकाचा बोल्ट निघायला आठ फेरे लागतात. ते तिथेच फरशीवर बसले. स्पेसर लावले की बोल्टही तेवढेच जास्त लांब लागतात, नाहीतर चालत्या गाडीचं चाक निसटू शकतं. त्यांनी जुनेच लावले होते. इतकी वर्षं गाड्यांमध्ये काम करून ते हे विसरले होते. सई दुसऱ्या दिवशी त्याच चाकांवर ऑटोबानवर, भरधाव हायवेवर, जाणार होती.

तळघरातल्या फळीवर, खोक्याच्या जागेमागे, कापडी पिशवी सापडली. त्यावर श्रीकांतच्या अक्षरात ‘मागची चाकं, लांब बोल्ट’. आत दहा होते. ते लावले. मी पाना धरला आणि दहाही वेळा तो पहिल्याच झटक्यात वाजला.

भावजींनी पाना तपासून आणला. त्यात काही दोष नाही. बोल्ट आखूड असला तरी पाना वाजायलाच हवा, लांबी त्याला कळत नाही, असं त्यांनी मला कागदावर आकृती काढून समजावलं. मला ते समजलं. ग्रुपवर एकाने लिहिलं, मनावर ताण असेल. दुसऱ्याने लिहिलं, वहिनी, त्यापेक्षा डिजिटल पाना घ्या. ताण होता, तर पुढची चाकं कशी वाजली?  

गाडी आता सईकडे आहे आणि स्पेसर खोक्यात. पाना माझ्याकडे असतो. चाकं बदलायची वेळ आली की ती गाडी घेऊन इथे येते आणि बोल्ट आवळते. शेवटचा जोर माझा असतो.