कॉम्प्युटरने खाल्लेल्या अक्षता

ताईच्या रोह्याच्या घरातली पुढची खोली भाड्याने द्यायचं ठरलं आणि त्या खोलीतला जुना कॉम्प्युटर अडचण झाला. नव्वदच्या दशकात ताई त्याच्यावर मुलींचा क्लास घ्यायची. तिच्याकडे शिकून कितीतरी जणी धाटावच्या कंपन्यांत ऑफिसला लागल्या. पण भावजींचा नियम साधा होता: जे चालत नाही ते भंगारात. रविवारी संध्याकाळी भंगारवाला येणार होता. ताईने अट घातली की त्याआधी चालू झाला तर कॉम्प्युटर घरात राहील, नाहीतर ती स्वतः उचलून देईल. मग तिने मला पेणला फोन केला.

मी गणपतीच्या कारखान्यात ऑर्डरी आणि पाठवणी बघते. लिहून काढल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. टॉर्च, चिमटा, स्क्रू ड्रायव्हर, नवा सेल, लॅपटॉप, त्याला बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह असं सगळं पिशवीत भरलं. शिवाय कारखान्यातला आखणीचा ब्रश घेतला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात तो. बारीक फटीतल्या धुळीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. रविवारी सकाळच्या गाडीने निघाले आणि निडी स्टेशन मागे पडल्यावर पिशवी पुन्हा एकदा तपासली.

कॉम्प्युटर उघडला, साफ केला, आतल्या घड्याळाचा सेल बदलला. हार्ड डिस्क मात्र नुसती टकटक करत होती. म्हणजे त्याला जागं करणारा डॉस फ्लॉपीवरूनच द्यायला हवा होता. मूळ फ्लॉप्या कुठे आहेत असं विचारल्यावर भावजी पंख्याकडे बघू लागले. एका सूर्यग्रहणाला त्यांनी त्या फोडून आतल्या काळ्या चकतीतून सूर्य बघितला होता. डोळे शाबूत राहिले हेच नशीब.

त्यावाचून अडलं नाही. ताईच्या जुन्या फ्लॉप्यांतली बुरशी न लागलेली एक निवडली आणि नेटवर फुकट मिळणारा डॉस लॅपटॉपवरून तिच्यावर चढवला. अडलं ते पुढे. फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये अर्धी गेली आणि थांबली. टॉर्च मारून चिमटा घातला, तर तांदळाचे दाणे निघाले, कुंकवाने लाल झालेले.

“दसऱ्याच्या अक्षता,” ताई हळूच म्हणाली. क्लास बंद झाल्यावरही ती दर दसऱ्याला त्याची पूजा करत होती.

“तू भरवल्यास, त्याने खाल्ल्या,” भावजी म्हणाले. “आता पचत नाय त्याला.”

ब्रशने शेवटचा दाणा निघाला. या खेपेला फ्लॉपी नीट बसली, घरघर झाली आणि काळ्या पडद्यावर अक्षरं आली. कॉम्प्युटरने आजची तारीख विचारली. तेवीस होती, ती मी लिहिली. तारीख चुकीची आहे, असं उत्तर आलं. पुन्हा लिहिली. पुन्हा तेच. भावजींनी घड्याळाकडे बघितलं आणि इथेच अडणार असेल तर याला चालू म्हणायचं का, असं विचारलं.

ताईने मला खुर्चीवरून उठवलं. “वर्षात तेवीस महिने असतात काय गो? महिना आधी.”

तिच्या पहिल्या बॅचमध्ये बसून मी हे वाक्य रोज ऐकलं होतं. ताईने कीबोर्डकडे न बघता तारीख लिहिली, वेळ लिहिली. पडद्यावर एक अक्षर आलं आणि त्याच्यापुढे छोटी रेघ लुकलुकू लागली. कॉम्प्युटर चालू झाला होता.

आता हा काय करणार, असं भावजींनी विचारलं.

“रिटायर झाल्यावर तुम्ही काय करता?” ताई म्हणाली.

भंगारवाला वेळेवर आला. त्याला रिकाम्या हाताने पाठवणं ताईला बरं वाटेना. तिने कोपऱ्यातली भावजींची व्यायामाची सायकल पुढे ढकलली. तिच्यावर कित्येक वर्षं टॉवेल वाळत होते.

“अगं, ती चालते,” भावजी म्हणाले.

“चालते हो. पण चालवतं कोण?”

नियम त्यांचाच होता. टॉवेल काढून भावजींनीच सायकल टेम्पोत चढवली आणि टॉवेल हातात घेऊन खोलीत इकडेतिकडे बघू लागले. मॉनिटरवर टाकायचे नाहीत, एवढं मी निघताना बजावून आले.