चंचीतली बॅटरी

निजामाच्या साऱ्या मुलखात विजेला घरच्या सुनेसारखी वागविणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो माझा साडू होता, हे मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगेन. नेकनूरला तेव्हा विजेचे खांब नव्हते. वीज होती ती साडूंच्या हातबत्तीत, हैदराबादेहून मागविलेल्या चपट्या बॅटरीत. ओल बाधेल म्हणून ते तिला चुलीजवळ ठेवीत, हात धुतल्यावाचून शिवत नसत, आणि परगावी निघाले की कमरेला खोचलेल्या पानसुपारीच्या चंचीत, अडकित्त्याशेजारी घालीत. "पानाला मानवती ती जागा तिलाबी मानवंल," हा त्यांचा युक्तिवाद. घात झाला तो येथेच.

एकदा साक्षीसाठी आम्ही तहसील कचेरीत उभे असता बॅटरीच्या दोन पितळी पट्ट्यांवर अडकित्ता आडवा पडला आणि दिव्यात जायची वीज त्या लोखंडातून मोकाट धावली. चंची तापली, बॅटरीवरच्या डांबराचा वास सुटला, साडू कमरेवर हात मारीत नाचू लागले. चपराशी ओरडला, "बारूद! बुढ्ढ्याच्या कमरंला बारूद हाय!" झाले! कचेरीत दारूगोळा आणल्याचा आरोप, शिक्षा कैदेची! मी तिथल्या तिथे नऊ कलमांचा अर्ज लिहिला: आरोपीस प्रयोग करून दाखविण्याची संधी न देता कैद करणे बेकायदा आहे.

संधी मिळाली. तिसऱ्या दिवशी साडूंनी घरातली शेवटची कोरी बॅटरी आणली, दिवा लावून दाखविला, मग ती बाहेर काढून पट्ट्यांवर अडकित्ता ठेवला. काही वेळाने म्हणाले, "हात लावा, सरकार."

तहसीलदारांनी बोट लावले आणि झटकले. "अरे, ये तो तप गई!"

"मधी दिवा असला तर उजेड देती, सरकार. नुसतं लोखंड घातलं की सोताच तापती अन् मरती. उडत न्हाई." त्यांनी ती पुन्हा बत्तीत घातली. दिव्यातली तार क्षणभर लाल झाली आणि विझली.

"मेली बे ही!" चपराशी हसला.

"गवाही देऊन मेली. तुझ्यावानी बोंबलत पळाली न्हाई."

आरोप रद्द झाला. अभिमानाने माझी छाती भरून आली. साडू मात्र कचेरीच्या पायरीवर खिन्न बसले. हुकुमात त्यांना 'बेजरर', म्हणजे निरुपद्रवी, इसम म्हटले होते. "एवढं तापवून दावलं, साडभाऊ, तरी बेजररच?"

त्या शब्दाच्या जागी 'जाणकार' लिहावे म्हणून मी साडूंच्या सहीने सात अर्ज केले. उत्तर येण्याआधी साडूच गेले. आठवा अर्ज लिहून तयार आहे. अर्जदाराच्या सहीची जागा तेवढी कोरी आहे.