सरजाक्काचं विहिरीवरचं गाणं

सरजाबाई आमच्या चर्चची गाणी करायची. लिहायची म्हणता येणार नाही, कारण तिला अक्षर येत नव्हतं. ती दगड फोडता फोडता गाणं करायची आणि आम्ही ते ऐकून पाठ करायचो.

आमचं गाव चाकूरजवळचं. तेव्हा लातूर जिल्हा झालेला नव्हता, आम्ही उस्मानाबादला जोडलेले होतो. बहात्तरच्या दुष्काळात गावाजवळच्या माळावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं. सरजाबाईचा नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. मी तिला अक्का म्हणायचो. तिच्या शेजारच्या ढिगावर मी बसायचो, म्हणून गाणं कसं होतं ते मला बघायला मिळालं.

लोकांना वाटतं गाणं सुचतं. तसं नसतं. अक्का एक ओळ धरायची आणि हातोड्यावर घालून बघायची. हातोडा पडतो तिथं शब्दाचा जोर पडला पाहिजे. नाही पडला तर तो शब्द टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. एका ओळीत कधी सकाळ जायची, कधी आठवडा जायचा. पण खडी कमी पडू द्यायची नाही. मुकादम खोट काढायला टपलेला असायचा, तिच्या ढिगात त्याला ती सापडली नाही.

चर्चमध्ये तोवर मिशनच्या पुस्तकातली गाणी होती. लांब चालीची, शहरातल्या शब्दांची. आम्ही ती म्हणायचो, पण अंगाला लागायची नाहीत. अक्काची गाणी जात्यावरच्या चालीची. बायका ती पहिल्या ऐकण्यात उचलायच्या.

आमच्या चर्चमध्ये दोन आळ्यांची माणसं होती, वरच्या आणि खालच्या. दोन्ही आळ्या गावाबाहेरच्याच. गाव दोघांनाही विहिरीवर चढू देत नसे, वरून घागरीत पाणी ओतायचं. तरी वरच्या आळीतले खालच्या आळीच्या घागरीतलं पाणी घेत नसत. आज्या-पणज्यांच्या वेळी सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, पाणी मात्र वेगळंच राहिलं. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायचा एकच प्याला आधी वरची आळी घ्यायची, मग आम्ही. कुणी तसा नियम केला नव्हता, बसायच्या जागाच तशा होत्या. अक्का आणि मी खालच्या आळीतले.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी अक्काकडं सुगीच्या सणासाठी नवं गाणं मागितलं. सुगी कसली, रानात काडी नव्हती. पण सण चुकवायचा नाही असं ठरलं. अक्कानं शोमरोनी बाईची गोष्ट घेतली. बायबलातली ही बाई. तिच्या लोकांच्या हातचं यहुदी लोक काही घेत नसत. येशू विहिरीवर थकून बसतो आणि तिलाच पाणी मागतो.

पहिली कडवी लवकर झाली. शेवटचं अडलं. तिनं आधी देवाला तहान लागली असं घातलं होतं. चांगलं होतं, मी तसं म्हणालोही. तिनं ते टाकलं.

"तहान कुणालाबी लागती, नरसिंगा," ती म्हणाली. "मागणं अवघड. मागणं आलं पाहिजे त्यात."

मग पुष्कळ खडी पडल्यावर ते असं झालं:

ज्या हाताचं पाणी कुणी घेईना गावात
त्याच्यापुढं माझ्या देवा तुझा पसरला हात

सणाला जो तो आपल्या पिकातलं पहिलं काही आणतो, वेदीपुढं ठेवतो. उपासना झाली की त्याचा तिथंच लिलाव होतो आणि जमेल ते देवाच्या कामाला जातं. अक्काकडं न्यायला काही नव्हतं. तिनं पाणी न्यायचं ठरवलं. घरणी नदीच्या कोरड्या पात्रात तिनं झिरा उकरला. झिऱ्याला पाणी एकदम येत नाही. वाटी भरून काढायची, पुन्हा पाझरेपर्यंत थांबायचं, गढूळ आलं तर टाकून द्यायचं. अंधार असतानाच ती जाऊन बसली होती. मी सरपणाला त्या बाजूला गेलो तेव्हा घागर गळ्यापर्यंत आली होती. गावाच्या विहिरीतलं पाणी हिरवं पडलं होतं, वास यायचा. हे तळ दिसेल असं होतं.

मी विचारलं, हे घेणार कोण?

"वरच्या आळीचं कुणीतरी घेईल की. गाणं तोंडानं म्हणत्याल आणि पाण्याला न्हाई म्हणत्याल व्हय? देवाच्या घरात?"

ती चेष्टा करत नव्हती. गाणं म्हटलं म्हणजे माणूस बांधला गेला, असं तिला खरंच वाटत होतं.

उपासनेत गाणं झालं. बायका रडल्या. किशनराव वरच्या आळीतले, चर्चचे पंच, धिप्पाड माणूस. त्यांनी डोळे पुसले आणि गाणं पुन्हा म्हणायला लावलं.

लिलाव किशनरावच करायचे. अंडी गेली. वाळका भोपळा गेला. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची ओंजळभर पुडी गेली, तिच्यासाठी दोघं भांडले. मग घागर आली. किशनरावांनी वरचं फडकं उचलून पाहिलं आणि परत टाकलं. कुणी बोली लावेना. पुढं बसलेली पोरं ओठ चाटत घागरीकडं बघत होती. त्यांच्या आयांनी त्यांना मागं ओढलं.

मी बोली लावायला तोंड उघडलं. अक्कानं मान हलवली. खालच्या आळीनं ती घेऊन काही होणार नव्हतं.

किशनराव पाळकांकडं वळले. "पाण्याला बोली कशी लावावी, साहेब? पाणी देवाचं. देवालाच ऱ्हाऊ द्या."

लोक हसले. पाळकसाहेब घाईनं म्हणाले की भिंतींना चुना द्यायचाच आहे, त्यात ते कालवता येईल. ते नगरकडचे होते, नवीन होते. पण त्यांना कळलं नाही असं नाही. कळलं होतं, म्हणूनच घाई होती. त्यांनी एक पेला स्वतः प्यायला असता तर पुरे होतं.

अक्का किशनरावांकडं बघत उठून उभी राहिली. "मामा, गाणं दोनदा मागून घेतलंत. पाणी एकदा चाखायचं तरी होतं."

"सरजे," किशनराव समजावल्यासारखं म्हणाले, "गाणं येगळं, पाणी येगळं. तू काय ल्हान हायीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात चुना कालवला. भिंती पांढऱ्याशुभ्र निघाल्या.

त्यानंतर अक्कानं गाणं केलं नाही. पुनरुत्थानाच्या सणासाठी पाळकसाहेब स्वतः माळावर आले, उन्हात उभे राहिले. "येत न्हाई आता," एवढंच ती म्हणाली आणि दगड फोडत राहिली. मी शेजारीच होतो. पूर्वी हातोडा एखाद्या ठिकाणी थांबायचा, शब्द फिरवून बघायचा. आता तो कुठंच थांबत नव्हता. ढीग आधीपेक्षा लवकर भरायचा. मुकादम खूश होता.

जुनी गाणी हळूहळू गेली. ती स्वतः म्हणेना, आणि कुणाला एखादी ओळ आठवली नाही तर सांगेना. मी विचारलं तर म्हणायची, तुझं काम कर. विहिरीवरचं तेवढं राहिलं, कारण ते किशनरावांना आवडायचं.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. त्या हिवाळ्यात लातुरात नव्या जिल्ह्यातल्या चर्चांचा मेळावा भरला. मोठा मंडप, लाऊडस्पीकर, निरनिराळ्या गावांची गायनमंडळं. आमच्या मंडळानं विहिरीवरचं गाणं म्हटलं. उदगीरकडची माणसं ते उतरवून घ्यायला पुढं आली. मेळाव्याच्या अध्यक्षांनी माईकवर विचारलं, हे गाणं कुणाचं?

"आमच्या चर्चचं हाय," किशनराव म्हणाले. "सगळ्यांनी मिळून केलेलं."

टाळ्या पडल्या. अक्का माझ्याजवळच, मागं ताडपत्रीवर बसलेली होती. मी उठायला लागलो तर तिनं माझा सदरा धरला.

"बस खाली. बरोबर सांगायलेत ते."

"अक्का, तू केलंस ते."

"मी केलं त्यात देव मागतो आन् पितो. ह्यांच्यात नुसता मागतो. त्यांचंच हाय ते, ऱ्हाऊ दे त्यांना."

अध्यक्षांनी गाणं पुन्हा म्हणायला सांगितलं. सगळा मंडप उभा राहिला. अक्का बसूनच राहिली. तिनं पिशवी जवळ ओढली आणि चाकूरची गाडी किती वाजता आहे ते मला विचारलं.