संगणकाचा कोट

मामाने गाल फुगवून कॅबिनेटमध्ये फुंकर मारली आणि खोलीत कोणीतरी उशी फाडावी तसं झालं. धूळ, दोऱ्यांचे तुकडे, कापसाचे पुंजके असा सगळा संसार संगणकाच्या पोटातून बाहेर पडला आणि तरंगत जाऊन हँगरवरच्या पांढऱ्या कोटावर बसला. कोट गिऱ्हाइकाचा. नवाकोरा, इस्त्री करून तयार.

"अरे, दुरुस्त करायला आलायस की सूड उगवायला?" मास्तर ओरडले.

"भावजी, फुंकरीने धूळ जाते."

"जाते ना. कोटावर जाते!"

मास्तर म्हणजे मामाच्या ताईचे यजमान. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान, मागच्या खोलीत संसार आणि दोन्हींच्या मधल्या दाराशी हा संगणक. मामा एका शाळेच्या ऑफिसात कारकून. तिथल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता ओढून काढायची कला त्याला साधली होती आणि तेवढ्यावर तो सगळ्या नात्यागोत्यात संगणकतज्ज्ञ म्हणून खपत होता.

संगणक मुळात मास्तरांच्या लेकीचा. कॉलेजात असताना अभ्यास सोडून ती त्यावर मोटारींच्या शर्यती खेळायची. एकदा रागवायला म्हणून मास्तर तिच्या मागे येऊन उभे राहिले, मग स्टूल ओढून बसले आणि मग तिलाच म्हणाले, "सरक जरा." खऱ्या आयुष्यात मास्तरांनी सायकलसुद्धा चालवली नव्हती, पडून हात मोडला तर शिवायचं कोणी? पण पडद्यावर हा माणूस वळण असं घ्यायचा, जशी कॉलरची गोलाई कापावी. कात्री एकदा लागली की कुठे थांबायची नाही. लेक नोकरीसाठी दूर गेली तरी दर रविवारी सकाळी बापलेक आपापल्या घरी कानांवर हेडफोन चढवून एकाच शर्यतीत उतरायचे.

अलीकडे मात्र खेळ अडखळायला लागला होता. गाडी छान पळता पळता चित्र गोठायचं, आणि पुन्हा हलायचं तेव्हा मास्तरांची गाडी भिंतीत.

"मशीन म्हातारं झालंय गं," मास्तर तिला सांगायचे.

"मशीनच ना, बाबा?" लेकीने एकदा विचारलं. त्याच सुमारास तिला पाठवलेल्या शर्टाची शिवण बाहीपाशी नागमोडी गेली होती. मास्तरांच्या हातची शिवण, नागमोडी! लेकीने आडपडदा ठेवला नाही. "येत्या रविवारपर्यंत मामाकडून ते दुरुस्त करून घ्या. मग खेळू. मशीन नीट चालूनही गाडी भिंतीवर गेली, तर दुकान बंद करायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. मग कोणी माझं ऐकलं नाही, तर चालणार नाही."

दुकान बंद! ज्यांच्या लग्नाच्या फोटोतही कोटाच्या खिशातून मोजायची टेप डोकावते आहे, त्यांना दुकान बंद करायला सांगायचं म्हणजे काय ते मामाला कळत होतं. उद्या रविवार. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ताईने मुकाट्याने पांढरा कोट ब्रश मारायला आत नेला. जाताना तिने गादीच्या तुकड्यावर टोचलेल्या सुया जरा बाजूला सरकवल्या. लाल, काळे, पांढरे दोरे ओवून सगळ्या ओळीने उभ्या होत्या.

"ताई, एवढ्या सुया आधीच ओवून?"

"वेळ वाचतो," ताई म्हणाली आणि आत गेली.

मामाने कॅबिनेट बंद केलं, संगणक सुरू केला आणि खेळाच्या सेटिंगमध्ये शिरला. पहिल्यांदा सावल्या बंद केल्या. अडखळणं तसंच. मग झाडं कमी केली. मग रस्त्याकडेची गर्दी काढून टाकली.

"प्रेक्षक कुठे गेले?" मास्तरांनी विचारलं.

"काढले. त्यांचा भार पडतो."

"मग मी जिंकलो तर टाळ्या कोण वाजवणार? तू?"

"भावजी, आधी जिंका तर."

मागे उघडे राहिलेले प्रोग्रॅम मामाने बंद केले, चित्राचा बारीकपणा उतरवत उतरवत पार तळाला नेला. शेवटी मास्तरांची लाल गाडी अंगाला लावून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी दिसायला लागली आणि रस्ता म्हणजे नुसता करडा पट्टा. तरी ती वडी थोडं अंतर बरी जायची आणि मग आचके द्यायला लागायची.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "गिऱ्हाइकाला कपडा घट्ट होतो म्हणून तू त्याचे हातपाय कापत सुटलायस."

मामाने चिडून कॅबिनेटवर हात आपटला आणि "आई गं!" म्हणून मागे घेतला. कॅबिनेट इस्त्रीसारखं तापलं होतं. तेव्हा कुठे मामाची नजर कॅबिनेटच्या अंगावरच्या कव्हरवर गेली.

दुकानातले धागे आत जाऊ नयेत म्हणून ते मास्तरांनी स्वतः शिवलं होतं. कोटाचं जाड कापड, आतून अस्तर, कडांना पायपिंग, मागे चेन, चालू करायच्या बटणापुरतं काज. मघाशी मामाने साफसफाईसाठी ते उतरवलं होतं. त्याची पाठ वळताच मास्तरांनी पुन्हा चढवून चेन लावली होती.

"भावजी, हे चालू असतानाही घालून ठेवता?"

"मग? कपडे काढून कोणी कामाला बसतं का?"

"अहो, त्याला श्वास घ्यायला जागा नाही! तापलं की ते आपोआप मंद होतं. पंखा बिचारा अस्तरावर फुंकतोय!"

मास्तरांचा चेहरा पडला. उतरवलेलं कव्हर त्यांनी मांडीवर घेऊन घडी घातली, जणू कोणी शिवायला दिलेला कपडा नापसंत करून परत केला होता. मामाने टेबलावरचा पंखा संगणकाच्या तोंडाशी लावला, जरा निवू दिलं, आणि खेळ पुन्हा सुरू केला.

गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पूल गेला, बोगदा गेला, कुठे आचका नाही. मामाने झाडं परत लावली. तरी सुरळीत! त्याने हौसेने प्रेक्षकही परत बोलावले. "घ्या भावजी, टाळ्यांची सोय झाली! चालवा आता. उद्या तिला दाखवा."

मास्तर मांडीवरची घडी सांभाळत स्टुलावर बसले. पुलापलीकडच्या वळणाला गाडी आली आणि थेट भिंतीवर गेली.

"नजर चुकली असेल," मामा म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा पूल, पुन्हा वळण, पुन्हा भिंत. चित्र एकदाही गोठलं नव्हतं. प्रेक्षक मात्र टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या खेपेला मामाने पडद्याकडे पाहिलंच नाही. त्याने मास्तरांच्या हाताकडे पाहिलं. वळण आलं तसं बोट बटणावर टेकलं, उचललं गेलं, पुन्हा टेकलं; मास्तरांनी न सांगता. दुसऱ्या हाताने त्यांनी मनगट घट्ट धरलं, तर तोही हात हलायला लागला. गाडी भिंतीवर गेल्याचा आवाज झाला. मामाची नजर ओवून ठेवलेल्या सुयांच्या रांगेवर गेली, तिथून आतल्या दारात उभ्या असलेल्या ताईकडे गेली. ताईने मान फिरवली.

"कीबोर्ड बदलून बघू," मामा म्हणाला. "बटणं कडक झाली असतील. नाहीतर... नाहीतर खुर्ची. हे स्टूल फार उंच आहे, भावजी, म्हणून..."

मास्तरांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. पडद्यावरचे प्रेक्षक अजून थकले नव्हते.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मामाने घेतला. पलीकडून लेक घाईघाईत म्हणाली, "मामा, झालं का दुरुस्त? खरं सांग हं. चालतंय ना आता?"

मामाने फोनवर तळवा ठेवला. "भावजी, तिचा फोन आहे. काय सांगू?"

मास्तरांनी मांडीवरची घडी उचलून त्याच्या अंगावर फेकली.

"आधी ते कव्हर चढव."