जबानीत देवाचं नाव

पाटलानं लुगडं वरून सोडलं.

आय देवळाच्या खालच्या पायरीवर पदर पसरून उभी होती. पाटील वर. मध्ये तीन पायऱ्या. त्यानं लुगड्यावर नारळ ठेवला आणि हाताला हात लागू न देता दोन्ही आयच्या पदरात सोडलं. नारळाच्या वजनानं पदर खांद्यावरून घसरला. नवरा जाऊन महिना न झालेली बाई सगळ्या गावासमोर उघडी पडली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी धावले आणि तिच्या अंगावर पदर ओढला.

पाटील बोलतच होता. "हा माणूस धर्मासाठी गेला. मुसलमानांनी मारला त्याला. आपल्या गावचा हुतात्मा. देवीची इच्छा व्हती, तिनं त्याला बोलावून घेतला."

टाळ्या पडल्या. बाच्या नावाचा जयजयकार झाला. माझा बा जिवंत होता तोवर त्या देवळाची चौथी पायरी कधी चढला नव्हता. चढू दिला नव्हता.

पाटलाच्या बाजूला लुगड्याचं ताट धरून वसंत उभा होता. पाटलाचा धाकटा भाऊ. खाली बघत होता.

माझ्या बाला त्यानं मारलं होतं. मी बघितलं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. काही बोलले नाही. आयनं आदल्या दिवशी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "त्यांच्या जमिनीवर आपली झोपडी हाय. त्यांच्या विहिरीतलं पाणी आपल्याला मिळतं. तोंड उघडलंस तर मी मेलेली बघशील."

आमचं गाव भिवंडीपासून चालत तासाभराच्या अंतरावर. गावाबाहेर आमची वस्ती. वस्तीतल्या बऱ्याच घरांनी दीक्षा घेऊन देव खाडीत सोडले होते. आमच्या घरी ते झालं नाही. आय अडून बसली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या देवीला लांबून हात जोडत होती. खालच्या पायरीवरून गाभाऱ्यातलं काही दिसत नाही. फक्त दिव्याचा उजेड दिसतो. आय त्या उजेडाला देवी म्हणायची.

बा शेतमजुरी करायचा. मग भिवंडीत गेला आणि मागावर लागला. त्याला काम शिकवलं उस्तादांनी. उस्ताद म्हणजे म्हातारे विणकर, मोमीन मोहल्ल्यातले. चार मागांचा पत्र्याचा कारखाना आणि मागं लागून त्यांचं घर. पहिल्याच दिवशी उस्तादांनी बाला आपल्या लोट्यातलं पाणी दिलं. बा लोटा हातात धरून नुसताच उभा राहिला. उस्ताद म्हणाले, "पी ना भाई, देखता क्या है?" ही गोष्ट बानं मला कितीदा सांगितली असेल. 

सातवीनंतर मीही जायला लागले. कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या रिळांवर सूत गुंडाळायचं. दुपारी चाची, उस्तादांची बायको, मला रोटी द्यायची. केसात कापसाचे तंतू अडकायचे ते ती एकेक करून काढायची. "दुल्हन बनेगी तो भी रूई लेके जाएगी तू," म्हणायची.

आणि मग भिवंडीत आग लागली. आधी मिरवणूक, मग दगड, मग धूर. त्या दुपारी माग चालू होते. मागांच्या खडखडाटात आम्हाला बाहेरचं काही ऐकूच आलं नाही. उस्तादांचा नातू पळत आला तेव्हा कळलं. बानं चारही माग बंद केले. एकदम एवढी शांतता पडली. त्या शांततेत लांबून आरोळी ऐकू आली. आमच्या देवीच्या नावाची.

बाचा चेहरा जरा सैल झाला. मला आठवतंय. तो म्हणाला, "आपल्या गावचीच माणसं हायत. मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही मागच्या दारानं निघा."

उस्ताद म्हणाले, "मत जा."

बा म्हणाला, "वळखतात मला."

उस्ताद, चाची, दोन सुना, पोरं मागच्या दारानं खाडीच्या बाजूला पळाली. चाचीनं माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला. बाला टाकून मला जाता येईना. मी कांडीच्या यंत्रामागं बसले. मधल्या पत्र्याला भोक होतं. त्यातून बाची पाठ दिसत होती.

बा दारात हात जोडून उभा होता. समोर जमाव. सगळ्यात पुढं वसंत. हातात लोखंडी पाईप.

हा वसंत लहान असताना त्याला साप चावला होता. तेव्हा बानं त्याला खांद्यावर टाकलं आणि भिवंडीच्या डॉक्टरापर्यंत पळत नेलं. त्या दिवशी कुणाला विटाळ झाला नाही.

"बाजूला हो," वसंत म्हणाला.

"वसंतदादा, आत बाया-पोरं हायत."

"बाजूला हो म्हटलं ना."

बा म्हणाला, "तुम्हाला देवीची आन हाय."

वसंत थांबला. खरंच थांबला. एक श्वास घेण्याइतका. मला वाटलं, वाचलो. मग मागून कुणीतरी ओरडलं, देवीचं नाव घेऊन. सगळ्यांनी तेच नाव उचललं. वसंतनंही. ते नाव त्याच्या तोंडात होतं आणि पाईप खाली आला.

बानं तिचंच नाव घेतलं होतं. वसंतनंही तिचंच घेतलं.

मग त्यांनी सूत पेटवलं. मी मागच्या दारानं पळाले. बाला ओढून नेता आलं नाही मला. आजही हातांना ते कळतं.

शेजारच्या गल्लीत दुसरा जमाव होता, असं नंतर कळलं. त्यांच्या तोंडी दुसरं नाव होतं. त्या गल्लीत घरासकट जळालेली म्हातारी हिंदू होती. एकाच मोटेला दोन्ही बाजूंनी बैल जुंपावेत तसं झालं होतं सगळं. कोण कुणाला ओढतंय ते कळत नव्हतं.

बाचं प्रेत मोमीन मोहल्ल्यात सापडलं. मग कुणी मारलं हे ठरवायला गावाला वेळ लागला नाही.

आय दिवसभर बसून असायची. एकदा म्हणाली, "तिनंच केलं. देवीनं. एवढी वर्सं हात जोडले तिला." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तिची काय चूक? आपलंच काहीतरी चुकलं असंल." मी ऐकत होते. रोज ती देवीवर आरोप ठेवायची आणि रोज सोडून द्यायची.

शहर जरा निवल्यावर मी चाचीला शोधत गेले. ती सगळी मदतछावणीत होती, एका शाळेच्या वर्गात. चाचीनं मला छातीशी धरलं. उस्ताद भिंतीकडं तोंड करून बसले होते. ते माझ्याकडं बघू शकले नाहीत.

मी विचारलं, "चाची, उस दिन तुम्हारा अल्ला किधर था?"

मला वाटलं, रागावेल. नाही रागावली. "मैं भी पूछती हूं बेटी. रोज नमाज पढती हूं और रोज पूछती हूं."

मग आम्ही दोघी रडलो. 

पुढं चौकशी लागली. एक साहेब जबान्या घेत होता. पाटील स्वतः मला आणि आयला घेऊन गेला. वाटेत पढवत होता, "मुसलमानांनी मारलं म्हणायचं. बास. जास्त बोलायचं न्हाय."

कारकुनानं माझं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग विचारलं, "वडलांना कुणी मारलं?"

खोटं तोंडातून निघेना. खरं बोलायची हिंमत नव्हती. आय माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "देवानं."

"काय?"

"मारणाऱ्यांच्या तोंडी देवाचंच नाव व्हतं. तेच लिवा."

कारकून हसला. "बाई, देवाला समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवू?" बाजूचे दोन शिपाईही हसले. साहेब हसला नाही. थकलेल्या आवाजात म्हणाला, "धक्का बसलाय तिला. लिहा, अज्ञात जमाव."

मी पाटलाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं समाधान होतं. मान डोलवून तो म्हणाला, "शहाणी पोर हाय. शेवटी सगळं त्याच्याच हातात, न्हाय का साहेब?"

मी देवाला शिवी दिली होती. आणि पाटील मला शाबासकी देत होता.

 मला दिसलं, मी कुणाचं काम करत होते. मी देवावर आळ घेतला काय, आयनं देवीची इच्छा म्हटलं काय, पाटलाला दोन्ही सारखंच. देव कुठल्या कोर्टात उभा राहणार? त्याच्या मागं दडलेला माणूस मात्र आरामात घरी जाऊन जेवणार.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "अज्ञात न्हाय. वसंत. ह्या पाटलाचा धाकटा भाऊ. त्याच्या हातात लोखंडी पाईप व्हता. मी पत्र्याच्या भोकातून बघितलं."

आयनं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. कारकुनाचं पेन थांबलं.

"लिवा," मी म्हणाले. "ह्याला पत्ता हाय."

आठ दिवसांत आमची झोपडी गेली. पाणी बंद झालं. वस्तीतली माणसंसुद्धा भिऊन बोलेनाशी झाली. आम्ही भिवंडीत एका खोलीत आलो. मी पुन्हा कांड्या भरायला लागले, दुसऱ्या कारखान्यात. उस्ताद मालेगावला नातलगांकडं निघून गेले. जमाव दारात आला तेव्हा ते पळाले होते, त्यांनी मारताना कुणाला बघितलं नव्हतं. साक्षीला मी एकटी.

खटला उभा राहायलाच वर्षं गेली. तारीख पडायची, पुढं जायची. आय खंगत चालली होती. एक दिवस पाटील आमच्या दारात आला. पहिल्यांदाच. उभ्यानंच बोलला, आयकडं बघून. "वहिनी, मिटवून टाकू. पोरीला म्हणा, अंधारात नीट दिसलं न्हाय असं सांग. वसंत देवीसमोर पाया पडून माफी मागंल. आणि तुम्हाला मी स्वतः गाभाऱ्यात नेतो. हाताला धरून."

बाला मारलं ती भर दुपार होती. त्या दिवशी अंधार नव्हता.

तो गेल्यावर आय उंबऱ्याशी बसली. मग हळूच म्हणाली, "एकदाच बघू दे गं मला ती. म्हातारी झाले. कशी दिसते तेवढंच बघते."

माझ्या बाचा खून माफ करून देवीचं दर्शन. तिनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

मी नाही म्हणाले.

आय माझ्याशी तीन महिने बोलली नाही. मग गेली. देवी न बघताच गेली. तिच्या डोळ्यांवर हात ठेवताना मला वाटलं, मी हिच्याशी काय केलं? ते अजून वाटतं. त्याला औषध नाही.

देव सुटला असं मी म्हणत नाही. बानं त्याची आण घातली तेव्हा तो असेल, तर गप्प बसला. नसेल, तर त्याच्या नावावर माणसं मारणं बंद करा. त्याचा जाब मी मरेपर्यंत विचारणार आहे. चाचीसारखी, रोज. पण माणसाच्या गुन्ह्याला देवाचं पांघरूण घालू देणार नाही. आयला दिलं नाही, तर दुसऱ्या कुणाला देईन?

पुढल्या मंगळवारी तारीख आहे. शिफ्ट बुडेल. वसंत समोर उभा असेल. वकील विचारेल, इतक्या वर्षांनी नक्की आठवतं का?

मी नाव सांगणार आहे. माणसाचं.